लाजेला तुमच्याकडे काय म्हणतात

माझी नात सुट्टीत पुण्याहून गोंदियाला येते, तेव्हा तिला दिवसभर काही ना काही 'एम्बॅरसिंग' वाटत असतं. मी भाजीवाल्याशी हिंदीत हुज्जत घातली की एम्बॅरसिंग. ऑटोतून जाताना ओळखीच्या माणसाला हाक मारली की एम्बॅरसिंग, आणि त्या माणसाने ऑटो थांबवून मला अर्धा किलो शिंगाडे दिले की ती ओढणीत तोंड लपवते. शिंगाडे मात्र नंतर तीच खाते. जन्मभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हा शब्द मला कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही. तो मला आमच्या अंगणात, वाळत घातलेल्या लाखोरीच्या डाळीशेजारी बसून एका ग्रीक बाईने समजावून सांगितला. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आजी, तू काहीही बनवतेस. तेव्हा म्हटलं, आता नीटच लिहून काढावं. बाबा आता नाहीत. सुमनकाकी आहे, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते आणि अजून माझ्या चहात साखर जास्त असल्याचं मला सुनावते. तिला विचारूनच लिहायला बसले आहे. ती म्हणाली, लिही, पण मला रडकी करू नकोस.

रडकी ती कधीच नव्हती. आमचं गाव नवेगाव बांधच्या तलावाकाठचं. घरात आम्ही मोजकीच माणसं होतो, पण आवाज भरलेल्या वरातीचा. सकाळ सुपाच्या फटफटीने उजाडायची. आई आणि काकी छपरीत समोरासमोर बसून तांदूळ पाखडत आणि पाखडता पाखडता गावातल्या झाडून साऱ्या माणसांनाही पाखडून घेत. आई घरातली थोरली सून, अंगाने आडवी आणि जिभेची तिखट. ती हसायला लागली की हातातलं काम खाली ठेवून हसायची, त्यामुळे आमच्याकडे जेवण नेहमी उशिरा व्हायचं. पण काय जेवण असायचं. वाफेचा भात, लाखोरीच्या डाळीचे वडे, चुलीत भाजलेल्या भेदरांची, म्हणजे टमाट्यांची, लसूण घालून ठेचलेली चटणी, आणि तलावातले झिंगे मिळाले त्या दिवशी तर घरात कोणी कोणाशी भांडत नसे. बाबा सगळ्यांत आधी जेवत, एकटे, पाटावर, भिंतीकडे तोंड करून. नामदेवकाका त्यांचे धाकटे भाऊ. ते बाबांसमोर मान वर करत नसत. बाबा काही रागीट नव्हते. काकांना मान खाली घालायची सवयच लागलेली होती, इतकी की बाबा घरात नसतानाही त्यांची मान निम्मी खालीच असे.

सुमनकाकी आमगावकडची. बारावी पास होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते, आणि तिच्यासोबत एक नवीन कायदा घरात आला. आमच्याकडे भासरा आणि भावसून, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ आणि धाकट्या भावाची बायको, ही दोघं एकमेकांशी बोलत नसत. नाव घ्यायचं नाही, समोरासमोर बसायचं नाही, एकाच खाटेला टेकायचं नाही, हातातून हातात वस्तू द्यायची नाही. द्यायची असेल तर ती खाली ठेवायची, हात मागे घ्यायचा, तोंड फिरवायचं, मग दुसऱ्याने उचलायची. बाबा घरात शिरण्याआधी अंगणातूनच खाकरत, म्हणजे काकीला पदर घेऊन आत सरकायला वेळ मिळे. बाबांचं ते खाकरणं गावात प्रसिद्ध होतं. शेजारची म्हातारी म्हणायची, पाटलाच्या घरी कोंबड्याची गरज नाही.

पण घर एक, चूल एक, विहीर एक म्हटल्यावर बोलल्याशिवाय कसं चालेल? त्यासाठी छपरीतला सागाचा खांब होता. काकी त्या खांबाकडे बघून म्हणायची, "खांब्या, भात वाढला हाय म्हणा." बाबा अंगणातून कोणाकडेही न बघता म्हणायचे की हात धुऊन येतोच. खांब बिचारा मधल्यामध्ये गप्प. मी असले की मग मलाच खांब व्हावं लागे. बेबे, सांग की बैलाले पेंड घातली नाही. बेबे, विचार की पाहुणे किती येणार. दोघंही माझ्यापासून दोन हातांवर उभे, दोघांनाही एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकू येतंय, तरी मी एकाचं वाक्य दुसऱ्याला पुन्हा म्हणून दाखवायची. मला यात काही विचित्र वाटत नसे. सगळ्यांच्याच घरी असं असतं, ही माझी समजूत होती, आणि आमच्या गावात ती खरीही होती.

मी अकरावीत होते त्या वर्षी या कायद्याने काकीला चांगलंच कोंडीत पकडलं. तिला गोंदियाला जाऊन मास्तरकीचं शिक्षण घ्यायचं होतं. गावातल्या शाळेत एक मास्तर होते तेही आठवड्यातून निम्मे दिवस येत, आणि उरलेल्या दिवसांत काकी पोरांना आमच्या अंगणात घेऊन बसायची. मी तिच्याच हाताखाली शिकले. उन्हाळ्यानंतर प्रवेश होते. काकांची ना नव्हती, पण त्यांचं एकच पालुपद, दादाले कोण विचारन? शेवटी आईने विचारलं. बाबांनी पुष्कळ वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, तिच्या मनात आहे की नामदेवच तिला पगारासाठी पुढे ढकलून राहिला, हे मले कसं कळावं? तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. बाबांचं म्हणणं न्यायाचं होतं, हे आज मलाही मान्य आहे. फक्त तिच्या तोंडून ऐकायची घरात सोय नव्हती. खांबामार्फत शेंगदाण्याची चटणी मागता येते, आयुष्य मागता येत नाही. काकी माझ्यातर्फे निरोप पाठवायलाही तयार नव्हती. म्हणाली, हे तुझ्या तोंडून गेलं तर ते तुझं होईल, माझं राहणार नाही. मग परवानगी मुळात मागायची तरी का, असं माझी नात विचारेल. तो प्रश्न आम्हाला सुचायला अजून वेळ होता.

थंडी सरत आली असताना एलेनी आली. जंगलखात्याचे एक साहेब जीपमधून तिला घेऊन आले आणि बाबांना म्हणाले की या बाई ग्रीस देशाच्या आहेत, सारस आणि तलावावरची बदकं बघायला आल्या आहेत, महिनाभर ठेवून घ्या. बाबांनी पाहुणा कधी परत पाठवला नव्हता. तिला ओसरीलगतची खोली दिली. ती उंच, उन्हाने लाल झालेली, केस कापलेली, गळ्यात दुर्बीण. हात न वापरता तिला बोलता येत नसे, आणि तिच्या हाताच्या पट्ट्यात आमचा पाण्याचा तांब्या दोनदा सापडला. तिचं इंग्रजी मला समजायला आठवडा लागला, माझं इंग्रजी तिला समजायला जरा जास्त. काकीचं इंग्रजी आमच्या दोघींपेक्षा सरळ होतं, पण बाबांचं खाकरणं ऐकू आलं की ते आत पळून जायचं.

एलेनीने पहिल्याच दिवशी घराची लाज काढली. काकीने उचलावी म्हणून बाबांनी चहाची बशी पाटावर ठेवली, तर तिने ती उचलून थेट काकीच्या हातात दिली आणि काकीच्या हातातला पेला घेऊन थेट बाबांच्या हातात. दोघंही विस्तव धरल्यासारखे उभे. आठवड्याने एकदा जेवताना तिने मला मोठ्याने विचारलं की तुझे वडील या मुलीवर रागावले आहेत का, बोलत का नाहीत. बाबांनी मला विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, वडे छान झाले म्हणते. आईला एवढं इंग्रजी कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून सगळं कळलं, आणि ती पदर तोंडात कोंबून मागल्या दारी पळाली.

त्या दुपारी बाबा बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, गेल्यावर आम्ही चौघी अंगणात लाखोरी निवडत बसलो. एलेनी म्हणाली, माझं काय चुकलं ते मला सांगा. मी माझ्या परीने कायदा समजावला. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि मग विचारलं की त्या दोघांना एकमेकांसमोर जे वाटतं, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? मी म्हटलं, लाज. आई म्हणाली, एकच काऊन सांगतेस, आपल्याकडे काय कमी आहे? आणि तिने बोटांवर मोजत सुरुवात केली. शरम, संकोच, ओशाळणं, खजील होणं, कानकोंडं होणं, तोंड लपवायला जागा न उरणं. प्रत्येक शब्दाला आईने गावातल्या एका माणसाचं उदाहरण दिलं, आणि कानकोंडं होण्याला नामदेवकाकांचं. काकीसुद्धा हसली.

एलेनीला हे फारच आवडलं. तिने काडी घेऊन मातीत एक पायवाट काढली आणि तिच्यावर एक आडवी रेघ मारली. म्हणाली, इंग्रजांचा एम्बॅरसमेंट हा असा आहे. तो शब्द फिरत फिरत फ्रेंचांकडून आला, आणि त्याचा जुना अर्थ वाटेत आडवा दांडा घालणं, रस्ता अडवणं. माणूस पुढे जाऊ बघतो आणि मध्ये दांडा. मग तिने स्वतःच्या भाषेतला शब्द सांगितला, द्रोपी. आमच्याकडे आई मुलाला रागावते तेव्हाही हाच शब्द, मुलगी लाजते तेव्हाही हाच, आणि चारचौघांत फजिती झाली की तेव्हाही हाच, असं ती म्हणाली. आई म्हणाली, म्हणजे आपल्या लाजेची बहीणच की. पण मग एलेनी काकीकडे बघून म्हणाली की तुमच्याकडे जे आहे ते बहुतेक दुसरं आहे. त्याला आम्ही अमिखानिया म्हणतो. अ म्हणजे नाही, आणि पुढचा भाग म्हणजे साधन, युक्ती, हत्यार. तिने दोन्ही रिकामे हात पुढे करून दाखवले. काय बोलावं, काय करावं, हात कुठे ठेवावेत, कशाचाच उपाय हाताशी नाही. काकीने तो शब्द हळूच म्हणून बघितला. आणि मग त्या परक्या बाईला, इंग्रजीत, ती गोंदियाचं सगळं सांगत बसली. जे घरातल्या कर्त्या माणसाला सांगता येत नव्हतं ते समुद्रापलीकडच्या बाईला सांगायला तिला काही अडचण आली नाही. एलेनीने ऐकलं आणि मला एवढंच विचारलं की हे तुझ्या वडिलांना माहीत आहे का. माहीत आहे, मी म्हटलं, पण ऐकलेलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तो तलावाचा प्रसंग घडला. एलेनीला तलावाच्या एका चिंचोळ्या टोकाला पलीकडे जाऊन बदकं बघायची होती. तिथे पाणी फार रुंद नाही, हाक मारली तर या काठाची त्या काठाला जाते. बाईमाणूस सोबत हवं म्हणून काकी निघाली, घरचा पाहुणा पाण्यावर एकटा जाऊ द्यायचा नाही म्हणून बाबा निघाले, आणि दुभाषी म्हणून मी. मंगरू ढिवराचा डोंगा होता, जुना, बुडातून जरा जरा पाणी येणारा. मंगरू डोंग्यात नेहमी एक डालड्याचा डबा ठेवी आणि बसणाऱ्याला सांगे, उपसत राहा, बुडत नाही. जाताना काही झालं नाही. एलेनीने हवी तेवढी बदकं बघितली, काहींची नावं मला सांगितली, मी लगेच विसरले. डोंग्यात एका खेपेला दोघंच बसत, म्हणून परतताना मंगरूने आधी पाहुणी म्हणून एलेनीला आणि दुभाषी म्हणून मला या काठावर आणून सोडलं आणि बाबा-काकीला आणायला परत गेला.

पुढचं सगळं मी काठावरून बघितलं, आणि जवळचं बारीकसारीक एलेनीच्या दुर्बिणीतून. मंगरूने दोघांना डोंग्यात बसवलं. बाबा एका टोकाला, काकी दुसऱ्या टोकाला, एकमेकांकडे पाठ करून, जसं बसायला हवं तसं. तेवढ्यात एलेनीचा कॅमेऱ्याचा तिवई स्टँड झाडाखाली राहिल्याचं मंगरूला दिसलं. त्याने डोंगा ढकलायचा बांबू काठावर रोवला, त्याला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक बाबांच्या हातात दिलं, धरून ठेवा जी, आलोच, म्हणाला आणि वर गेला. वारा आमच्या बाजूने नव्हता. डोंगा कलला आणि काठापासून सुटायला लागला. बाबांना काठावरच्या दगडाला दोन्ही हातांनी धरायचं होतं, म्हणून दोर कोणाकडे तरी द्यायला हवा होता. दुसऱ्या कुठल्याही दोन माणसांनी काय केलं असतं? हा धर म्हटलं असतं. बाबांनी घरातल्या वळणाप्रमाणे दोराचं टोक मधल्या फळीवर नीट ठेवलं, हात मागे घेतला आणि काकीला उचलता यावं म्हणून तोंड तलावाकडे फिरवलं. काकीने घरातल्या वळणाप्रमाणे त्यांनी हात मागे घेण्याची आणि तोंड फिरवण्याची वाट बघितली. तेवढ्या शिस्तीत दोर फळीवरून घसरला आणि पाण्यात गेला. दगडही हातचा सुटला.

डोंगा आपला संथ निघाला. मंगरू काठावर तिवई घेऊन उभा, बांबू त्याच्याजवळ. वल्हं होतं काकीच्या पायाशी, आणि डबा बाबांच्या पाठीमागे, जो बाबांना दिसत नव्हता. सकाळची शांत वेळ, पाण्यावरून शब्द अगदी स्वच्छ येत होते. काकी खाली बघत म्हणाली, "अगा डोंग्या, तुझ्या बुडातून पाणी येऊन राहिलं. कोणाले तरी सांग, डबा इकडे सरकव म्हणा."

बाबा तलावाकडे बघत म्हणाले की पाणी येऊन राहिलं हे तर दिसतेच, पण डबा कुठं आहे हे कोणाले मालूम, आणि वल्हं कोणी मारत काऊन नाही. काकीने डोंग्याला सांगितलं की वल्हं हाय, पण दोन्ही हात एका कामाला, पाणी कोण उपसन? बाबांनी तलावाला सांगितलं की वल्हं इकडे आलं तर मारणारा आहे. कोणी कोणाला काही दिलं नाही. एलेनीने मला विचारलं, ती काय म्हणते आहे? मी म्हटलं, ती डोंग्याशी बोलते आहे. आणि ते? ते तलावाशी. एलेनीने दुर्बीण डोळ्यांवरून काढली, माझ्याकडे पाहिलं, परत लावली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, अमिखानिया. मला इतकं हसू फुटलं की मी ओल्या मातीत बसलेच. भीती वाटायला हवी होती खरं तर. ती पुढच्या क्षणाला वाटली.

कारण बाबा डबा शोधायला उठून उभे राहिले. डोंगा असा हेलकावला की त्याची एक कड पाण्याला लागली. आणि तलावाच्या या काठापासून त्या काठापर्यंत काकीचा आवाज गेला. "दादा, खाली बसा."

बाबा बसले नाहीत, बसू शकले नाहीत. ते तसेच अर्धे वाकून दोन्ही हात हवेत धरून थिजले होते. काकी त्यांच्याकडे पूर्ण तोंड करून म्हणाली, "खाली बसा म्हटलं ना. हळू. डबा तुमच्या मागे हाय. द्या इकडे." बाबा बदकन बसले, मागे हात घातला आणि डबा काढून तिच्या हातात दिला. तिने वल्हं उचलून त्यांच्या हातात दिलं. ती पाणी उपसू लागली, ते वल्हं मारू लागले, आणि डोंगा गोल गोल फिरू लागला, कारण बाबा एकाच बाजूने वल्हं मारत होते. दुसरीकडूनही मारा, असं तिने सांगितलं. त्यांनी मारलं. एक डबा पाणी बाहेर, एक शब्द बाहेर, असं करता करता तिच्या आवाजाला लय आली. मग ती म्हणाली, "दादा, आता तोंड उघडलंच हाय तर दुसरंही सांगते. मले गोंदियाले शिकाले जायचं हाय. मास्तरीण व्हायचं हाय. यायनं, तुमच्या भावानं, मले ढकललं नाही. माझ्या मनानं सांगून राहिली मी."

बाबा म्हणाले, "आधी पाणी काढ."

तोवर मंगरू पोहत जाऊन पोचला होता. त्याने डोंग्याची कड धरून तो ओढत या काठाला आणला. बाबा उतरले आणि कोणाकडेही न बघता, धोतराचा ओला सोगा हातात धरून, झपाझप घराकडे निघाले. काकी उतरली, पदर डोक्यावर घेतला आणि तिथेच दगडावर बसली. मी काय केलं, असं ती एलेनीला इंग्रजीत म्हणाली. एलेनीने तिच्या पाठीवर थाप मारली. आमच्याकडे बायका बायकांच्या पाठीवर थाप मारत नाहीत, पण त्या दिवशी कायद्याचं कोणाला पडलं होतं.

घरी मात्र कायदा जसा होता तसा परत आला. बाबा पूर्वीपेक्षा मोठ्याने आणि दोनदा खाकरू लागले. जेवण वाढल्याचं खांबाला सांगण्यात आलं. मंगरूने संध्याकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या गावाला वाटली होती, आणि प्रत्येक घरात ती थोडी वाढून पुढे जात होती. शेवटच्या घरात तर काकीने बाबांना गचांडी धरून बसवल्याचं ऐकायला मिळालं. नामदेवकाकांना अचानक आमगावला काम निघालं आणि ते तिकडेच मुक्कामाला राहिले. काकी कामं करत होती, पण बोलणं आटलं होतं. तिची खात्री झाली की घाई करून आपणच आपली वाट बंद केली. आई तिला सांगत राहिली की बोललीस ते बोललीस, आता भात तरी नीट खा. एकदा आईने बाबांनाही विचारलं, तर ते म्हणाले, बघू. आमच्या घरात बघू या शब्दाचे पुष्कळ अर्थ होते आणि त्यांतले बहुतेक वाईट होते.

दोन-तीन दिवसांनी सकाळी गणबाजी आले. ते बाबांच्या भावकीतले सगळ्यांत वडील, लग्नकार्यात कोण कुठे बसेल हे त्यांना विचारून ठरायचं. छपरीत बाबांच्या समोर बसले. मी आणि एलेनी एका कोपऱ्यात वालाच्या शेंगा सोलत होतो. गणबाजींनी पिकापाण्याचं विचारलं, बैलाचं विचारलं आणि मग मुद्द्यावर आले. भावसून तोंडावर बोलली म्हणे. दादा म्हणाली म्हणे. आपल्यात असं होत नाही, आज तुमच्या घरी झालं की उद्या साऱ्यांच्या सुना बोलाले लागतील. तिला चार दिवस माहेरी पाठवा, म्हणजे गाव गप्प होईल. आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मीही सोलायची थांबले. काकी माहेरी गेली असती तर ती चार दिवसांत परत आली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं. अशा गेलेल्या बायका मी पाहिल्या होत्या.

बाबांचे कान लाल झाले होते. बाबांना लाज वाटली की ती कानांवर येई. त्यांनी सुपारी तोंडात टाकली, चघळली आणि म्हणाले की हाव, बोलली, पण वाऱ्यात अर्धं ऐकू आलं नाही. मग ते आतल्या दाराकडे वळले. खाकरले नाहीत. म्हणाले, "सुमन, बाहेर ये."

तिचं नाव त्यांच्या तोंडून घरात कोणी ऐकलेलं नव्हतं. काकी दारात आली, पदर सारखा केला आणि सवयीने खांबाजवळ जाऊन उभी राहिली. बाबा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले की त्या दिवशी डोंग्यात काय म्हणत होतीस, ते सांग, पूर्ण सांग. तिने आधी खांबाकडे पाहिलं. मग खांबाकडून तोंड वळवून तिने बाबांना सांगितलं. शिकायला किती दिवस लागतील, कुठे राहीन, पोरांना अंगणात शिकवताना काय वाटतं, सगळं. आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर कापला नाही. गणबाजी छपराकडे बघत होते. बाबा मान खाली घालून, कान लाल करून, जागचे न हलता ऐकत होते. एलेनीने मातीत काढलेला आडवा दांडा मला तेव्हा खराच समोर दिसत होता. लाज बाबांना वाटत नव्हती असं नाही. डोक्यापासून पायापर्यंत वाटत होती. तरी ते उठले नाहीत, आणि माझ्या वडिलांवर मी जन्मात जे काही प्रेम केलं त्यातलं निम्मं त्या सकाळचं आहे.

तिचं बोलून झाल्यावर बाबा म्हणाले, "जाजो." मग गणबाजींना म्हणाले की तुम्हीही ऐकलं, तिनं विचारलं आणि मी हो म्हटलं, आता चहा घ्या. गणबाजींना राग आला होता, पण चहा आल्यावर चहा सोडून जाणारा माणूस आमच्या भागात अजून जन्मायचा आहे. त्यांनी तो बशीत ओतून, फुर्र फुर्र आवाज करत प्याला, आणि उठले. आत आई रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं, बहुतेक दोन्ही.

गणबाजी गेल्यावर बाबा तिथेच बसून राहिले आणि काकी तिथेच उभी. दोघांनी आधी कधी बोलणं सुरू केलेलं नव्हतं, त्यामुळे ते संपवायचं कसं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी बाबांनीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं की तुझं माहेर तर नदीकाठचं, मग त्या दिवशी एवढी भ्याली काऊन, पोहता येत नाही काय?

"येते ना," काकी म्हणाली. "मी नदीतच मोठी झाली."

"मग ओरडली कायले?"

तिने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "तुम्हाले येत नाही."

तलावाच्या काठी जन्म गेलेल्या माझ्या बाबांना पोहता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. आईलाही ठाऊक नव्हतं, हे मला पुढे कळलं. बाबांनी हातातली कपबशी एकदा फिरवली. मग विचारलं, कोणी सांगितलं? कोणी नाही, ती म्हणाली, तुम्ही उभे राहिले तवा दिसलं. बाबांचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी ती लाली हळूहळू गालांवर उतरली आणि ते हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. मी शेंगांत डोकं घातलं. एलेनीने मला कोपराने ढोसून विचारलं की काय म्हणाले, आणि मी म्हटलं, काही नाही.

"कोणाले सांगजो नको, बाई," बाबा म्हणाले.

"नाही सांगत, दादा," काकी म्हणाली, आणि त्यांच्या हातातली रिकामी कपबशी घेऊन आत गेली.